महाविद्यालयाच्या ग्रंथालयातून विश्वासार्ह बातमी कशी शोधावी

निबंध, प्रकल्प किंवा प्रबंधासाठी बातम्यांचे संदर्भ लागले की बहुतेक विद्यार्थी शोधयंत्रात दोन-तीन शब्द टाकतात आणि वर आलेल्या चार-पाच दुव्यांवर काम भागवतात. त्या दुव्यांवरचा मजकूर खोटाच असतो असे नाही. परंतु तो वर का आला, मूळ बातमी कोणाची आहे, ती केव्हा प्रसिद्ध झाली आणि नंतर तिच्यात बदल झाले का, यांपैकी कशाचाही उलगडा त्यावरून होत नाही. दुसरीकडे त्याच महाविद्यालयाने दर वर्षी वर्गणी भरून वृत्तपत्रांचे मोठे संग्रह उपलब्ध करून ठेवलेले असतात आणि ज्यांच्यासाठी ते घेतले त्यांच्यापैकी अनेकांना त्यांचा पत्ताच नसतो.

मात्र ग्रंथालयाच्या संग्रहात सापडली एवढ्यावरून कोणतीही बातमी खरी ठरत नाही. फॅक्टिवा किंवा नेक्सिस युनीसारख्या संग्रहांत नामांकित दैनिकांच्या शेजारीच कंपन्यांनी स्वतः प्रसृत केलेली प्रसिद्धिपत्रके येतात, आणि घाईत वाचणाऱ्याला ती बातमीच वाटतात. ग्रंथालयाचे खरे मोल आहे ते माग काढण्याच्या सोयीत. तारखेसह जतन केलेला मजकूर, एकाच घटनेवर अनेक पत्रांनी लिहिलेले वृत्तांत, बातमीत उल्लेखलेला मूळ शोधनिबंध आणि हे सारे कोठे आहे हे ठाऊक असलेला ग्रंथपाल, ही चारही एकाच छताखाली मिळतात. पुढील मार्गदर्शन या सोयीचा नीट उपयोग कसा करावा याविषयी आहे.

शोध सुरू करण्यापूर्वी आपला प्रश्न एका पूर्ण वाक्यात लिहून काढावा. ‘प्लॅस्टिक प्रदूषण’ हा विषय झाला. ‘बाटलीबंद पाण्यात प्लॅस्टिकचे कण सापडल्याचे वृत्त २०१८ मध्ये आले तेव्हा वृत्तपत्रांनी ते कसे मांडले?’ हा प्रश्न झाला. प्रश्न लिहिला की कोणत्या प्रकारचा मजकूर लागणार आहे हे आपोआप ठरते. घटना काय घडली हे सांगायचे असेल तर वृत्तांत हवा. तिचे पडसाद दाखवायचे असतील तर अग्रलेख, स्तंभ आणि वाचकांची पत्रेही चालतील. अग्रलेखातील विधान वस्तुस्थिती म्हणून उद्धृत करणे ही विद्यार्थ्यांच्या लेखनात सर्रास आढळणारी चूक आहे. संग्रहात प्रत्येक नोंदीसमोर सहसा मजकुराचा प्रकार लिहिलेला असतो. तो आधी पाहावा.

आता प्रत्यक्ष प्रवेशाकडे वळू. ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर डेटाबेसांची अकारविल्हे किंवा विषयवार यादी असते. तिच्यातील ‘वृत्तपत्रे’ हा भाग उघडावा आणि महाविद्यालयाच्या बाहेरून काम करत असल्यास यादीतील दुव्यावरूनच आत जावे, म्हणजे संस्थेच्या लॉगिनची खूण सोबत जाते. एखाद्या वृत्तपत्राच्या स्वतःच्या संकेतस्थळावर ‘पुढे वाचण्यासाठी पैसे भरा’ अशी सूचना आली, तर पैसे भरण्याआधी त्या पत्राचे नाव ग्रंथालयाच्या नियतकालिकांच्या यादीत शोधावे. अनेकदा तोच लेख दुसऱ्या दाराने विनामूल्य मिळतो. नाव सापडले की ते पत्र कोणत्या डेटाबेसमध्ये, कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत आहे हेही तेथे लिहिलेले असते, आणि हे वर्ष न पाहिल्यामुळे कित्येक जण नसलेल्या अंकांचा शोध घेत बसतात.

सगळे डेटाबेस एकाच घडणीचे नसतात. फॅक्टिवा आणि नेक्सिस युनी यांच्यात मुख्यतः लेखांचा मजकूर मिळतो, पानाचे रूप दिसत नाही. प्रेसरीडरमध्ये अलीकडचे अंक जसे छापले तसे पानागणिक पाहता येतात. जुन्या काळासाठी प्रोक्वेस्टचा ऐतिहासिक वृत्तपत्रांचा संग्रह आहे, ज्यात न्यूयॉर्क टाइम्स १८५१ पासून वाचता येतो. लंडनच्या टाइम्सचा गेल या प्रकाशकाने केलेला संग्रह १७८५ पासून सुरू होतो. महाविद्यालयाकडे यांपैकी काहीच नसेल तरी काम अडत नाही, कारण अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसचा ‘क्रॉनिकलिंग अमेरिका’ आणि ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचा ‘ट्रोव्ह’ हे जुन्या वृत्तपत्रांचे संग्रह कोणालाही विनामूल्य पाहता येतात. आणि पडद्यावर नसलेले पुष्कळ काही संदर्भ विभागातील बांधीव खंडांत व मायक्रोफिल्मवर असते. त्यासाठी ग्रंथपालाला विचारावे लागते, कारण ते सर्व शोधपेटीत उमटतेच असे नाही.

शोधपेटीत काय लिहावे यावर थोडा वेळ खर्च केला तर पुढचे तास वाचतात. नेमका शब्दसमूह हवा असेल तर तो अवतरणचिन्हांत द्यावा. एकाच गोष्टीची दोन-तीन नावे असतील तर ती कंसात घेऊन मध्ये ‘ऑर’ लिहावे. दोन्ही गोष्टी असलेलेच लेख हवे असतील तर ‘अँड’ वापरावे. ‘नॉट’ मात्र जपून वापरावे, कारण नको असलेल्या शब्दाबरोबर हवे असलेले लेखही गाळले जातात. दोन शब्द एकमेकांपासून ठरावीक शब्दांच्या अंतरात असावेत अशीही अट घालता येते आणि लांबलचक लेखांत तिचा फार उपयोग होतो. तिची खूण प्रत्येक डेटाबेसमध्ये निराळी असल्याने मदतीचे पान एकदा वाचून घ्यावे. निकाल हजारोंच्या घरात गेले तर शोध केवळ मथळा आणि पहिला परिच्छेद यांपुरता मर्यादित करावा. बातमीचा मुख्य विषय बहुधा तेथेच येतो, त्यामुळे ओघात उल्लेख झालेले लेख आपोआप बाजूला पडतात.

जुन्या वृत्तपत्रांत शोधताना त्या काळचे शब्द वापरावे लागतात, हे विशेष ध्यानात ठेवावे. १९१६ च्या अंकांत ‘पहिले महायुद्ध’ शोधून काही मिळणार नाही; दुसरे झाल्याशिवाय त्याला पहिले कोण म्हणणार? तेव्हाची इंग्रजी पत्रे ‘ग्रेट वॉर’ किंवा ‘युरोपियन वॉर’ लिहीत. बीजिंगच्या जुन्या बातम्या ‘पेकिंग’ या नावाखाली सापडतात. त्यातच जुन्या पानांवरील अक्षरे यंत्राने ओळखून मजकूर तयार केलेला असतो आणि पुसट छपाईत ती ओळख चुकते. देवनागरीतील जुन्या अंकांच्या बाबतीत तर जोडाक्षरे, अनुस्वार आणि काळानुसार बदललेले शुद्धलेखन यांमुळे हा घोळ अधिक वाढतो. अशा वेळी शब्दाच्या मागे न लागता तारीख धरून पाने चाळणे अधिक फलदायी ठरते. त्यास वेळ लागतो, पण शेजारच्या बातम्या, जाहिराती आणि पानावरील जागा यांवरून त्या वृत्ताला तेव्हा किती महत्त्व दिले गेले होते हे जसे समजते, तसे ते सुट्या मजकुरावरून कधीच समजत नाही.

संग्रहात काय नसते

डेटाबेस म्हणजे संपूर्ण वृत्तपत्र, हा समज सोडून द्यायला हवा. याचे एक कारण कायद्यात आहे. स्वतंत्र लेखकांचे लेख त्यांच्या परवानगीशिवाय इलेक्ट्रॉनिक संग्रहांत देणे हा स्वामित्वहक्काचा भंग होय, असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये न्यूयॉर्क टाइम्स विरुद्ध टासिनी या खटल्यात दिला आणि त्यानंतर मोठ्या संख्येने जुने लेख संग्रहांतून काढले गेले. त्यामुळे ‘या विषयावर कोणी लिहिलेच नाही’ असा निष्कर्ष केवळ डेटाबेसमधील रिकाम्या निकालावरून काढणे धोक्याचे असते. छायाचित्रे, व्यंगचित्रे, तक्ते, वृत्तसंस्थांकडून घेतलेला मजकूर यांपैकीही बरेच काही मजकूर-संग्रहांतून गळते.

आवृत्त्यांचाही प्रश्न असतो. ३ नोव्हेंबर १९४८ च्या शिकागो डेली ट्रिब्यूनच्या सुरुवातीच्या आवृत्तीत अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत ड्यूई यांनी ट्रूमन यांचा पराभव केल्याचा ठळक मथळा होता. विजय ट्रूमन यांचा झाला होता. मुद्रकांच्या संपामुळे अंक नेहमीपेक्षा लवकर छापखान्यात पाठवावा लागला आणि निकाल हाती येण्याआधीच मथळा ठरवला गेला. त्याच दिवसाच्या नंतरच्या आवृत्त्यांत तो बदलण्यात आला. म्हणजे एकाच तारखेच्या एकाच वृत्तपत्रात दोन परस्परविरोधी वृत्ते असू शकतात, आणि संग्रहात बहुधा त्यांतील एकच आवृत्ती ठेवलेली असते. आज हेच संकेतस्थळांवर सतत घडते, फक्त तेथे आधीचा मजकूर पुसला जातो. इंटरनेट आर्काइव्हचे वेबॅक मशीन त्यासाठी उपयोगी पडते: पानाचा पत्ता टाकला की निरनिराळ्या दिवशी जतन झालेली त्याची रूपे, असल्यास, पाहता येतात.

चूकदुरुस्ती शोधण्याची सवय तर प्रत्येकाने लावून घ्यावी. काही डेटाबेसांत खुलासा मूळ लेखालाच जोडलेला असतो, काहींत तो स्वतंत्र नोंद म्हणून दुसऱ्या तारखेला पडून असतो. म्हणून महत्त्वाचा लेख हाती आला की त्याच विषयाचे शब्द आणि ‘करेक्शन’ किंवा ‘खुलासा’ असा शब्द घेऊन पुढील काही आठवडे तपासावेत. न्यूयॉर्क टाइम्सने ११ मे २००३ रोजी आपल्याच जेसन ब्लेअर या बातमीदाराच्या बनावट वृत्तांची प्रदीर्घ हकीकत पहिल्या पानापासून छापली, आणि आदल्या ऑक्टोबरच्या अखेरीपासून त्याने लिहिलेल्या ७३ पैकी किमान ३६ लेखांत गंभीर दोष आढळल्याचे त्यात मान्य केले. त्या काळातील त्याचा लेख एखाद्याने ही हकीकत न पाहता उद्धृत केला, तर संदर्भ निर्दोष दिसेल आणि आशय मात्र खोटा असेल. याच प्रकरणाची दुसरी बाजूही पाहण्यासारखी आहे. आपली चूक इतक्या तपशिलाने छापणारे पत्र आणि चूक गुपचूप पुसणारे पत्र यांत विश्वास कोणावर ठेवावा, हे ठरवायला चूकदुरुस्तीचा रकाना फार उपयोगी पडतो. जे पत्र कधीच चूक मान्य करत नाही, ते कधीच चुकत नाही असे मानण्याचे कारण नाही.

बातमी पारखताना

स्टॅनफर्ड विद्यापीठातील सॅम वाइनबर्ग आणि सेरा मॅकग्रू यांनी २०१७ मध्ये एक अभ्यास मांडला. त्यात १० इतिहासकार, १० व्यावसायिक तथ्य-तपासनीस आणि २५ पदवीचे विद्यार्थी अशा ४५ जणांना संकेतस्थळांची विश्वासार्हता जोखायला सांगितले होते. इतिहासकार आणि विद्यार्थी दिलेले पानच वरपासून खालपर्यंत वाचत राहिले आणि सुबक बोधचिन्ह, गंभीर भाषा, तळटिपा यांना अनेकदा भुलले. तपासनिसांनी मात्र पान क्षणभर पाहून सोडले, नव्या टॅब उघडल्या आणि इतर लोक त्या संस्थेविषयी काय सांगतात ते पाहिले. त्यातील एका कामात अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडिॲट्रिक्स आणि अमेरिकन कॉलेज ऑफ पीडिॲट्रिशियन्स या दोन संस्था होत्या. पहिली १९३० मध्ये स्थापन झालेली बालरोगतज्ज्ञांची मोठी व्यावसायिक संघटना आहे, तर दुसरी तिच्यातून फुटून निघालेला लहानसा गट आहे; पण नावे आणि पाने इतकी सारखी की केवळ पान वाचून हा फरक कळत नव्हता.

हीच रीत ग्रंथालयात अधिक चांगली चालते, कारण बाहेरचे मत शोधायला येथे साधने अधिक असतात. अनोळखी वृत्तपत्राचे नाव डेटाबेसमध्ये अवतरणचिन्हांत टाकून इतर पत्रांनी त्याच्याविषयी काय लिहिले आहे ते पाहावे. त्याची मालकी कोणाकडे आहे, उत्पन्न कोठून येते, त्यावर खटले झाले का, हे पाहायला व्यवसायविषयक संग्रह आणि संदर्भकोश हाताशी असतात. मालकी कळली म्हणून बातमी खोटी ठरत नाही. पण मालकाच्या हिताचा विषय असेल तर दुसरा, स्वतंत्र दुजोरा मिळवणे क्रमप्राप्त ठरते.

आणि दुजोरा खरोखर स्वतंत्र आहे ना, हे पाहणे तर सर्वांत महत्त्वाचे. एकाच दिवशी वीस वृत्तपत्रांत तीच बातमी आली की वीस पुरावे मिळाले असे वाटते. मात्र बातमीच्या सुरुवातीला किंवा शेवटी असोसिएटेड प्रेस, रॉयटर्स किंवा एएफपी अशा वृत्तसंस्थेचे नाव असेल, तर ती वीस ठिकाणी छापलेली एकच बातमी आहे. नाव गाळलेले असले तरी एखादे विशिष्ट वाक्य अवतरणचिन्हांत टाकून शोधले, की तेच वाक्य जसेच्या तसे किती ठिकाणी आले ते दिसते. प्रसिद्धिपत्रक उचलून छापलेल्या बातम्याही याच युक्तीने उघड होतात. डेटाबेसमधील ‘सारखे लेख वगळा’ ही सोय सुरू केली तर निकालांची यादी एकदम आखूड होते, आणि किती जणांनी स्वतः जाऊन माहिती गोळा केली याचा अंदाज येतो.

वर ज्या पाण्याच्या बातमीचा उल्लेख केला तिचाच माग काढून पाहू. मार्च २०१८ मध्ये अनेक देशांतील माध्यमांनी बाटलीबंद पाण्याच्या ९३ टक्के नमुन्यांत प्लॅस्टिकचे कण आढळल्याचे वृत्त दिले. बातम्या नीट वाचल्या तर त्या सर्वांचा उगम एकच दिसतो: ऑर्ब मीडिया या पत्रकारिता करणाऱ्या संस्थेने न्यूयॉर्क राज्य विद्यापीठाच्या फ्रेडोनिया येथील शाखेत करवून घेतलेली तपासणी. तिचा शोधनिबंध त्याच वर्षी ‘फ्रंटियर्स इन केमिस्ट्री’ या नियतकालिकात आला, आणि तो ग्रंथालयातून किंवा थेटही विनामूल्य वाचता येतो. त्यात ११ ब्रँडच्या २५९ बाटल्या तपासल्याचे दिसते. बातम्यांत लिटरमागे ३२५ कण ही सरासरी ठळकपणे आली. निबंधात मात्र १०० मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) मोठ्या कणांची सरासरी लिटरमागे १०.४ इतकी असून, लहान कण जमेस धरल्यावर ३२५ चा आकडा येतो. या दोन गटांतील कणांची ओळख पटवण्याची खात्रीही सारखी नव्हती, आणि बाटली-बाटलीत फरक प्रचंड होता. जागतिक आरोग्य संघटनेने पुढे ऑगस्ट २०१९ मध्ये पिण्याच्या पाण्यातील सूक्ष्म प्लॅस्टिकवर अहवाल काढला आणि उपलब्ध माहिती मर्यादित असून सध्याच्या पातळीला आरोग्यास धोका दिसत नसला तरी अधिक संशोधन हवे असे म्हटले. बातमी खोटी नव्हती. पण बातमी, निबंध आणि अहवाल ही तिन्ही समोर ठेवल्याशिवाय तिचे वजन किती होते ते कळले नसते, आणि ही तिन्ही कागदपत्रे ग्रंथालयात बसून एका दुपारी मिळू शकतात.

ग्रंथपालाकडे जाताना ‘मला प्लॅस्टिकवर काहीतरी हवे आहे’ असे म्हणू नये. लिहून काढलेला प्रश्न, कोणते डेटाबेस पाहिले, कोणते शब्द टाकले आणि काय मिळाले नाही, एवढे सांगितले की तो शोध तेथून पुढे नेऊ शकतो. हे विचारण्यात संकोच वाटण्याचे काहीच कारण नाही. संदर्भसेवा हा त्याच्या कामाचा गाभा आहे आणि चांगल्या प्रश्नाने तो खरोखर आनंदतो. हवा असलेला अंक आपल्याकडे नसेल तर आंतरग्रंथालयीन देवघेवीतून दुसऱ्या ग्रंथालयाकडून त्या पानाची प्रत मागवता येते. त्यासाठी पत्राचे नाव, तारीख, आवृत्ती आणि पान जितके अचूक द्याल तितके ते लवकर येते. काही दिवस लागतात, म्हणून ही मागणी लेखन सुरू करण्याआधीच नोंदवावी.

अलीकडे संवाद साधणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांकडून संदर्भांच्या याद्या घेण्याचे प्रमाण वाढले आहे. ही साधने कधीकधी अस्तित्वातच नसलेल्या लेखांचे मथळे, खऱ्या वृत्तपत्राचे नाव आणि पटेल अशी तारीख जोडून देतात, त्यामुळे यादी पाहून संशय येत नाही. अशा प्रत्येक नोंदीचा मथळा अवतरणचिन्हांत टाकून डेटाबेसमध्ये शोधावा, न मिळाल्यास त्या तारखेचा अंक प्रत्यक्ष पाहावा, आणि तरीही न सापडल्यास ती नोंद वापरू नये.

शेवटी नोंदी ठेवण्याविषयी. लेख सापडताच त्याची पीडीएफ प्रत उतरवून घ्यावी आणि लेखकाचे नाव, मथळा, वृत्तपत्र, तारीख, आवृत्ती, पान व डेटाबेस हे सर्व त्याच वेळी लिहून ठेवावे. ब्राउझरच्या पट्टीत दिसणारा पत्ता उचलू नये, कारण तो पुष्कळदा त्या बैठकीपुरताच असतो आणि लॉगिन संपताच निकामी होतो. लेखाच्या पानावर ‘कायमचा दुवा’ किंवा ‘पर्मालिंक’ असे बटण असते. त्यातून मिळालेला पत्ता दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावा आणि मगच संदर्भात द्यावा.